वहीबाहेरचे चौकोन

वेणीमाधवशास्त्रींनी डॉक्टरांच्या टेबलावरचा स्टेथोस्कोप दोन बोटांच्या चिमटीत, मेलेली पाल उचलावी तसा उचलला, खिडकीत नेऊन ठेवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर लाल बासन सोडायला घेतलं.

“काल तुम्ही कागदावर चौकोन आणि गोल काढत होतात,” ते म्हणाले. “म्हटलं, डॉक्टरबाईंना अस्सल वंशावळ कशी असते ते एकदा दाखवावं. म्हणजे पुन्हा असला पोरखेळ करावासा वाटायचा नाही.”

डॉक्टर तेजल उठल्या, खिडकीतला स्टेथोस्कोप घेऊन गळ्यात अडकवला आणि परत जागेवर बसल्या. वय पस्तिशीच्या आतलं. चेहरा झोप कमी मिळणाऱ्या माणसाचा.

“दाखवा,” त्या म्हणाल्या. “आणि मास्क नाकावर घ्या, शास्त्रीजी. तो हनुवटीसाठी नसतो.”

डॉक्टरांची सोडून खोलीत खुर्च्या दोनच. एक शास्त्रीबुवांनी आल्याआल्या घेतली होती. दुसरी त्यांच्या लेकीला, स्वरदाला मिळाली, तीसुद्धा पाच महिन्यांचा मल्हारी तिच्या मांडीवर होता म्हणून. जावई धनराज दाराला टेकून उभा होता. इंदिराबाई भिंतीलगतच्या लोखंडी स्टुलावर बसून नवऱ्याची बासनाच्या गाठीशी चाललेली झटापट बघत होत्या. पंचवटीतून इथवर रिक्षात बासनातली वही शास्त्रींनी मांडीवर घेतली होती, खड्डा आला की दोन्ही हात तिच्यावर ठेवत होते. बाळाच्या दुपट्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि रिक्षाची दांडी असं सगळं इंदिराबाईंकडे. या माणसाने आयुष्यात दुसरं काही इतक्या जपून मांडीवर घेतलेलं आपल्याला आठवत नाही, असं त्यांना द्वारका चौक ओलांडताना वाटलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं. हे असं काहीतरी त्यांना रोजच वाटत असे, तुळशीला पाणी घालण्याइतक्या नेमाने.

गाठ सुटली. वही उघडली. जुन्या कागदाचा वास खोलीतल्या औषधाच्या वासावर आला.

“हे यजमानांचं नाही, आमचं स्वतःचं पान,” शास्त्री म्हणाले आणि घाटावर यात्रेकरूंसमोर लावतात तो सूर त्यांनी लावला. “नारायणभट. नारायणभटांचे गणेशभट. गणेशभटांचे रामचंद्र. रामचंद्रांचे दोन, विष्णू आणि सदाशिव. सात पिढ्या, बाई! एकही पुरुष साठीच्या आत गेलेला नाही. वाचून बघा.”

“मला मोडी येत नाही.”

“येणार कशी?”

डॉक्टरांनी पानावरून नजर फिरवली. “यात बायका कुठे आहेत?”

“कुठे म्हणजे? घरात.”

दाराशी धनराज खोकला. खोकला होता की हसू, ते मास्कमुळे कळलं नाही.

“आणि लहानपणी गेलेली मुलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाहीत.”

“सात पिढ्यांत एकही नाही?”

“नोंद नाही म्हणजे नाही.” शास्त्रींनी पानावर तळवा ठेवला. “चौकशी करायची असेल तर आमच्या जावईबापूंकडे करा. येवल्याची माणसं, मागावर बसणारी. हे पहिलेच, ओझरला विमानं जोडायला गेले. त्यांच्याकडे कोण कधी कशाने गेलं, कुणी लिहून ठेवलंय?”

“लिहून नाय ठेवलं, बाबा,” धनराज म्हणाला. “पण आमच्या आजीला सगळं तोंडपाठ आहे. काल फोन केला तर अर्धा तास सोडलं नाही तिने. चुलते, आत्या, मावशा, सगळे ठणठणीत. एक चुलता विहिरीत पडून गेला. तेवढाच.”

“पडला की ढकलला?”

“बाबा,” स्वरदा म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. ती कापसाच्या बोळ्याने मल्हारीच्या ओठांच्या कडेचा पांढरा थर पुसत होती. पुसला तरी तासाभरात तो परत येई.

मल्हारी रडत नव्हता. तीन आठवड्यांपासून तो रडायचंच विसरला होता. जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचलेल्या लशीची जखम भरून आलीच नव्हती. मग डाव्या काखेत गाठ झाली, फुटली, वाहू लागली. जुलाब थांबेनात. वजन दुसऱ्या महिन्यात होतं तिथेच. आधीच्या डॉक्टरांनी टीबीची गाठ सांगितली होती, सहा महिने औषध द्या, होईल बरा. शास्त्रीबुवांना ते निदान फार पटलं. टीबी बाहेरून येतो. बाहेरचं म्हणजे जावयाकडचं.

डॉक्टर तेजल यांनी काल रक्त बघितलं आणि औषधाच्या चिठ्ठीवर एकही नवीन औषध न लिहिता पेन खाली ठेवलं होतं.

आता त्यांनी खुर्ची स्वरदाकडे वळवली.

“नीट ऐका. बाळाच्या रक्तात ज्या पेशी आजाराशी लढतात, त्या जवळजवळ नाहीतच. कमी झालेल्या नाहीत, तयारच झालेल्या नाहीत, असा माझा संशय आहे. लशीतला जंतू अगदी अशक्त असतो. कुठल्याही बाळाला तो काही करू शकत नाही. याला त्याने एवढं केलंय. हे जन्मापासूनचं आहे. औषधाने आपण वेळ काढू शकतो. बरा व्हायला बोन मॅरो बदलावा लागेल. ते मुंबईला होतं.”

“मग नेऊ,” धनराज म्हणाला.

“न्यायचंच आहे. पण खात्रीची तपासणी तिथेच होते, त्याला आठ-दहा दिवस. तिथला वेगळा कक्ष छोटा आहे, आज एक खाट रिकामी होतेय, आणि ती मागणारी मी एकटी नाही. हा आजार बहुतेक वेळा आईकडून येतो. आईला काही होत नाही, मुलींना होत नाही. मुलग्यांना होतो. बाळाच्या आईच्या बाजूला असा एखादा मुलगा तान्हेपणी गेला असेल, तर मी आत्ता फोन करून सांगू शकते की वाट बघू नका. नसेल, तर रिपोर्टची वाट बघायची.” त्या थांबल्या. “तोवर बाळ टिकायला हवं.”

“आईकडून,” शास्त्री म्हणाले. “म्हणजे माझ्या लेकीत खोट आहे?”

“खोट नाही म्हणत मी.”

“आमच्या सात पिढ्या—”

“तुमच्या सात पिढ्यांचा इथे संबंधच नाही, शास्त्रीजी. बाळाची आई, तिची आई, तिची आई. ही वही त्या वाटेने जातच नाही.”

इंदिराबाईंना त्या पोरीची दृष्ट काढावीशी वाटली. पंचेचाळीस वर्षं ज्या वहीसमोर उदबत्ती लागत होती, जिच्यावरची धूळ त्यांनी झटकायची पण जिला उघडायचं नाही, ती या मुलीने एका वाक्यात बाजूला सारली होती. आवाजसुद्धा न चढवता.

मग ते सुख ओसरलं आणि त्यांच्या लक्षात आलं की खोलीत आता सगळे थांबलेत, आणि ज्याच्यासाठी थांबलेत ते आपल्यापाशी आहे.

त्यांनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. पुन्हा पुढे घेतल्या.

दोन होते. स्वरदाच्या आधी, तिच्या जन्माच्या कितीतरी वर्षं आधी. स्वरदाला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच्या वेळी इंदिराबाई तेवीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याने तेव्हा सांगितलं होतं, दात न आलेल्या बाळाला अग्नी नाही, पिंड नाही, म्हणून वहीत जागाही नाही. शास्त्र आहे हे, यात रडण्यासारखं काही नाही. आणि सटाण्याकडचे यजमान आले होते म्हणून उपरणं झटकून ते घाटावर गेले होते. दुसऱ्याच्या वेळी एवढं बोलायचेही कष्ट घेतले नव्हते. त्या दिवसापासून इंदिराबाईंनी या माणसाच्या ताटात कधी कमी वाढलं नाही आणि मनात कधी त्याला पाटावर बसवलं नाही.

गेल्या गोकुळाष्टमीला तर कडेलोट झाला. देवळातलं कीर्तन इंदिराबाईंचं सगळ्यात आवडतं. तो बुवा गायचा छान, आणि त्याहून छान थांबायचा. उत्तररंगात जन्माचं आख्यान ऐन भरात आलेलं, तबलजीने ठेका हलका केला आणि बुवा चिपळ्या खाली घेऊन म्हणाला, “आठवा सगळ्यांना ठाऊक आहे. पाळण्याची दोरी ओढायला आत्ता रांग लागेल. पण त्याच्याआधी त्याच आईची सहा गेली, मायबाप. डोळे धड उघडले नव्हते त्यांनी. त्यांची नावं कुणाला येतात?” आणि खांबाजवळून शास्त्रीबुवांनी बसल्याजागी, डोळे मिटून, सहाच्या सहा नावं घडाघडा म्हणून दाखवली. मंडपाने टाळ्या वाजवल्या. बुवाने हात जोडले. इंदिराबाई पाळणा न हलवता उठून घरी आल्या. पुराणातली सहा पाठ! आणि स्वतःची दोन?

“आई,” स्वरदा म्हणाली, “मावशीकडे कुणी होतं का गं असं? आठवतं का तुला?”

लेकीने मास्कच्या वरून बघितलं. ते डोळे इंदिराबाईंना सहन झाले नाहीत.

“दोन चौकोन काढा,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

“कुठे?”

“हिच्या शेजारी. हिच्या आधीचे. आणि माझ्या शेजारी एक, माझ्या पाठचा भाऊ. मुलग्यांना चौकोनच ना? तिन्हीवर ती गेलेल्यांची तिरपी रेघ मारा.”

“आई?”

“अगं, ते वहीत—” शास्त्री म्हणाले.

“ती वही बंद करा आधी.”

पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. शास्त्रींनी वही बंद केली नाही, पण हात मागे घेतला.

डॉक्टरांचं पेन चालायला लागलं होतं. “किती महिन्यांचे होते?”

“पहिला सहा महिन्यांचा,” इंदिराबाई म्हणाल्या. “नाही. सहा दुसरा. पहिला... ताप होता. आणि जुलाब. तोंडात बोरॅक्स-ग्लिसरीन लावायचे मी, बोटाला कापूस गुंडाळून.”

“दोघांनाही?”

“हो. म्हणजे, एकाला नक्की.”

“लस टोचली होती? जखम, गाठ असं काही झालं होतं? काखेत?”

इंदिराबाईंनी तोंड उघडलं. बोटाला गुंडाळलेला कापूस त्यांना दिसत होता, ग्लिसरीनचा गोडसर वास येत होता, पण त्यामागचा चेहरा एकदा याचा होत होता, एकदा त्याचा. दंड? काख? त्यांनी डोळे मिटून बघितलं. काही नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी जे दोन वेगळे सांभाळले असं त्या समजत होत्या, ते आत केव्हाच एक होऊन गेले होते.

“नाही आठवत मला,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

“प्रयत्न करा, काकू. ती गाठ महत्त्वाची आहे. नुसत्या तापावर ते मला खाट देणार नाहीत.”

“त्र्यंबक.”

शास्त्री वहीकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक लावलं होतं, त्याच्याही पलीकडे कुठेतरी बघत होते. सूर घाटावरचाच होता, कुठेही न ठेचकाळणारा, सपाट.

“त्र्यंबक. शके एकोणीसशे चार, आषाढ शुद्ध दशमीचा जन्म. डाव्या दंडावर लस. दीड महिन्याने तिथे फोड, तो भरून आला नाही. तिसऱ्या महिन्यात डाव्या काखेत गाठ, सुपारीएवढी. चौथ्यात फुटली. तोंडात पांढरं. दूध पडेना. पाच महिने अकरा दिवस. रविवार, दुपारी सव्वातीन. माझ्या मांडीवर.”

त्या रविवारी इंदिराबाई आत पाणी तापवत होत्या. बाहेर आल्या तेव्हा मूल पाळण्यात होतं. दुपटं नीट खोचलेलं होतं. ते पाळण्यातच गेलं, एकटं, असं त्या आजवर समजत होत्या.

“मयुरेश,” शास्त्री म्हणाले. “शके एकोणीसशे आठ, कार्तिक वद्य द्वितीया. लस डाव्या दंडावर. गाठ दुसऱ्याच महिन्यात. ही फुटली नाही, आत वाढली. शेवटी खोकला. सात महिने चार दिवस. सकाळी. दात शिवशिवत होते, आले नव्हते.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कागद एकदा वाचला, फोन उचलला आणि उभं राहून बोलायला लागल्या. दोन मामा, आईचा मामा, दोघांना लशीच्याच बाजूला गाठ. हो, कुटुंबाने स्वतः सांगितलंय. तिथीवार सांगितलंय.

स्वरदा वडिलांकडे बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली. “मल्हारीची गाठ मी तुम्हालाच पहिल्यांदा दाखवली होती. झबलं काढून. तुम्ही हात लावून बघितली होतीत.”

शास्त्रींनी बासनाचं एक टोक ओढून सरळ केलं.

“तुम्ही म्हणालात, येवल्याच्या पाण्याचा गुण.”

धनराज दारातून पुढे आला आणि त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. तो काहीतरी बोलेल असं इंदिराबाईंना वाटलं. बोलायला हवं होतं त्याने. पण तो नुसता सासऱ्याच्या टकलाकडे बघत राहिला, मागावर तुटलेला धागा कुठे आहे ते शोधावं तसा.

फोन ठेवून डॉक्टर वळल्या. “संध्याकाळी सहाच्या आत पोहोचायचंय. अँब्युलन्स खाली येतेय. वडील, तुम्ही सोबत हवेच. मॅरो बहुधा तुमचाच घ्यावा लागेल, आई-वडिलांचा अर्धा तरी जुळतो आणि आईला सध्या अशक्तपणा आहे. चालेल?”

“चालेल म्हणजे काय, मॅडम! लागेल तेवढा घ्या.”

“चला, कागदांवर सह्या करून घेऊ. आईसुद्धा. बाळाला आजीकडे द्या तोवर. जो घेईल त्याने कोपरापर्यंत हात धुवायचे. मास्क वर.”

इंदिराबाईंनी कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले आणि मल्हारीला घेतलं. वजन दुपट्याचंच जास्त होतं. स्वरदा, धनराज आणि डॉक्टर बाहेर गेले. दार आपोआप मिटलं.

शास्त्री वही बासनात बांधायला लागले. एक टोक वर आलं की दुसरं निसटत होतं. इंदिराबाई बघत राहिल्या. आता तोंडावर येईल ते बोलून टाकायचं असं त्यांनी ठरवलं. चाळीस वर्षांचं तयार होतं. लेकीला दिवस गेले तेव्हा बोलला नाहीत, गाठ बघितलीत तेव्हा बोलला नाहीत, काल बाईंनी विचारलं तेव्हाही नाही. एवढं सगळं पोटात, आणि मी अडखळल्याशिवाय बाहेर येईना. वाक्य ओठापर्यंत आलं आणि तिथे अडलं. यातलं एकही वाक्य असं नव्हतं की जे त्यांना स्वतःला लागू पडत नव्हतं. वर त्यांना तर गाठही आठवली नव्हती.

शास्त्री उठले. बासन तसंच अर्धवट टेबलावर ठेवून बेसिनपाशी गेले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आधी उजवा हात, मग डावा, कोपरापर्यंत, संध्येला बसताना धुतात तसे. साबण मात्र दोनदा लावला. नळ कोपराने बंद केला. मास्क नाकावर ओढला. मग परत खुर्चीत येऊन बसले. हातांवरून पाणी ठिबकत होतं, ते पुसायला काही नव्हतं, आणि ते धोतराला पुसत नव्हते. दोन्ही तळवे वर करून नुसते धरून ठेवले होते.

बाळ मागितलं नाही त्यांनी.

टेबलावरची वही घसरून शास्त्रींच्या मांडीच्या काठावर आली होती. इंदिराबाईंनी मल्हारीला डाव्या खांद्यावर घेतलं, उजव्या हाताच्या दोन बोटांनी बासनाची टोकं धरून ती वही उचलली आणि खिडकीत, मघाशी स्टेथोस्कोप होता तिथे, नेऊन ठेवली. मग वाकल्या आणि बाळ नवऱ्याच्या मांडीवर दिलं.

“मान सांभाळा,” त्या म्हणाल्या. “एवढं तरी येतं ना?”

“येतं,” शास्त्री म्हणाले.